आईचा बर्गर

सुट्टीत शिरूरला गेलो तर आईने खास माझ्यासाठी बर्गर केलेला. बेकरीचा गोल पाव तुपात भाजलेला, आत बटाट्याची टिक्की, कांदा, टोमॅटो आणि चक्क शेंगदाण्याची चटणी! मी लगेच शहाणपणा केला, "अगं, बर्गरला चटणी नसते, मेयॉनीज लागतं." ती काही बोलली नाही. चटणीची वाटी आत घेऊन गेली. (हॉटडॉगचं तर नावच काढू नका. अर्थ सांगितला तेव्हा आजी ताटावरून उठली होती!)

परत निघालो. एस.टी.ने दौंड, पुढे रेल्वे. गाडी लेट, म्हणून फलाटावर वडापाव घेतला. लसणाच्या चटणीशिवाय तो घशाखाली उतरला असता का? १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी वडापाव सुरू केला म्हणतात. म्हणजे पावात बटाटा आपल्याकडे आधीपासूनच. १९९६ मध्ये भारतात आलेल्या मॅकडोनाल्ड्सलाही शेवटी बटाट्याची टिक्कीच विकावी लागली. त्यांनी आपल्या चवीप्रमाणे बदल केला की तो मेनू, आणि आईने केला की चूक?

गाडीत बसल्यावर डबा उघडला. दोन बर्गर होते. चटणी वेगळ्या पुडीत बांधलेली.