पिंजलेला कापूस

धुळ्याहून पुतणीचा फोन आला. "चाचा, दादाअब्बांचा शाळेचा दाखला आजच मेल करा. उद्या सकाळी अकरापर्यंतच मुदत आहे." ओबीसीच्या जात पडताळणीत १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या पुराव्याला मोल असतं. अब्बांचा १९५८ चा दाखला, त्यावर स्पष्ट 'पिंजारी' लिहिलेलं, जळगावच्या आमच्या घरी पेटीत आहे.

शाई फिकी झालेली. म्हणून दोन्ही बाजू रंगीत आणि उंची दर्जात स्कॅन केल्या. फाइल झाली नऊ एमबीची. जीमेल पंचवीसपर्यंत जाऊ देतं, मग काय चिंता? दिलेल्या पत्त्यावर मेल टाकला, पुतणीला "पाठवलं" असं कळवलं आणि इशाची नमाज पढून झोपलो.

फजरनंतर फोन पाहिला तर मेल परत आलेला. कोड ५५२, म्हणजे पत्र फार मोठं. पलीकडच्या सर्व्हरची मर्यादा दहा एमबी होती. मग नऊची फाइल का अडली?

याचं मूळ जुनं आहे. १९८२ मध्ये ईमेल वाहून नेण्याचा नियम ठरला, तेव्हा फक्त साधी इंग्रजी अक्षरं डोळ्यांसमोर होती. चित्रं, फाइली जोडण्याची रीत १९९२ मध्ये आली. त्यासाठी फाइल साध्या अक्षरांत बदलावी लागते आणि दर तीन बाइटची चार अक्षरं होतात. माझे नऊ एमबी वाटेत बारा झाले होते. १९९५ च्या नियमानुसार घेणारा सर्व्हर सुरुवातीलाच आपली मर्यादा सांगतो. पत्र त्याहून मोठं असेल, तर दारातूनच नकार. वाटेत जितके सर्व्हर, त्यांतल्या सर्वांत लहान मर्यादेचं चालतं.

अब्बा गादीचा कापूस पिंजायचे, तेव्हा पोत्यात मावलेला कापूस पिंजल्यावर त्याच पोत्यात परत जायचा नाही. फरक एवढाच की कापसाचं वजन तेवढंच राहतं, इथे ते खरंच वाढतं.

रंग काढून, कमी दर्जात पुन्हा स्कॅन केलं. एक एमबीसुद्धा भरलं नाही आणि 'पिंजारी' नीट वाचता येत होतं. साडेआठला मेल गेला. या वेळी कार्यालयाचं "मिळाला" असं उत्तर येईपर्यंत पुतणीला काही कळवलं नाही.

परत आलेल्या मेलची खबर फक्त पाठवणाऱ्याला मिळते. पोर रात्रभर माझ्या "पाठवलं"वर निर्धास्त झोपली होती. आता मी मर्यादेच्या पाऊणपटीहून लहान फाइल पाठवतो आणि पोचल्याची खात्री झाल्याशिवाय 'पाठवलं' म्हणत नाही.