मधला पूल

बेरिक-अपॉन-ट्वीड हे इंग्लंडचं उत्तर टोक. स्कॉटलंडची हद्द इथून जेमतेम चार किलोमीटर. समुद्राला मिळण्याआधी ट्वीड नदी इथे एकापाठोपाठ तीन पुलांखालून जाते. मुखाकडचा पूल १६२४ साली पुरा झालेला, पंधरा दगडी कमानींचा. वरच्या अंगाला रॉबर्ट स्टीफन्सनचा अठ्ठावीस कमानींचा रेल्वेपूल. त्याच्या उद्घाटनाला १८५० मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणी आली होती. पाहुण्यांचे कॅमेरे वळतात ते या दोघांकडे. मधला काँक्रीटचा रॉयल ट्वीड पूल फोटोत आलाच तर आडवा येतो म्हणून!

पण कामाचा गडी तोच. लंडन-एडिंबराचा हमरस्ता जुन्या अरुंद पुलावरून जायचा. मोटारी वाढल्या तसा तिथे जीव गुदमरू लागला. मग नवा पूल उभा राहिला आणि १६ मे १९२८ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स एडवर्डने तो खुला केला. (हाच पुढे राजा झाला आणि वर्षभरही गादीवर टिकला नाही. पूल टिकला.)

त्याच्या कमानी चारच, आणि चारही असमान. कारण नदीचे काठच असमान आहेत. ट्वीडमाउथ हे उपनगर सखल, तर बेरिक उंच कड्यावर. त्यामुळे रस्ता चढत जातो. चढत्या रस्त्याखाली कमानीला उंची जास्त मिळते, तशी तिची झेपही वाढते. ट्वीडमाउथकडची कमान सगळ्यांत लहान. बेरिककडची तिच्या दुपटीहून मोठी, ३६१ फुटांची. तेव्हा ब्रिटनमध्ये एवढी लांब काँक्रीटची कमान दुसरी नव्हती. आराखडा मूशेल कंपनीचा. चारही कमानी सारख्या करण्याचा मोह त्यांनी टाळला, हे बरंच झालं.

काठावरून पाहिलं की कमान आणि रस्ता यांच्यामधले सडपातळ खांब नजरेत भरतात. पायाशी उंच, मग उतरत उतरत कमानीच्या माथ्याशी अगदी बुटके. त्यांच्या फटींतून आभाळ दिसतं. एवढ्या जड वाहतुकीसाठी बांधलेला पूल इतका हलका दिसावा, याचं नवल वाटतं. काँक्रीटचा राखाडी रंग मात्र रुक्षच. शेजारच्या दगडासारखा तो उन्हात उजळत नाही.

१९८३ मध्ये गावाबाहेरून नवा रस्ता निघाला आणि लांबचे ट्रक तिकडे वळले. उरली ती गावची ये-जा, आणि सामन्याच्या दिवशी फुटबॉलप्रेमींची. बेरिक रेंजर्स हा फुटबॉल क्लब इंग्लंडमधला असून खेळतो स्कॉटलंडच्या स्पर्धांत. नाव बेरिकचं, पण त्याचं शीलफील्ड मैदान ट्वीडमाउथमध्ये. जानेवारी १९६७ मध्ये या चिमुकल्या क्लबाने ग्लासगोच्या बलाढ्य रेंजर्सना स्कॉटिश कपमध्ये १-० असं लोळवलं, तेही याच मैदानावर. सामना पाहायचा तर बेरिककरांना आजही नदी ओलांडावी लागते.