मुळाबरहुकूम

'व्हिंटेज' हा शब्द मद्याच्या पिंपातून निघून मोटारींपर्यंत पोहोचला आणि वाटेत त्याचा अर्थ बराच पातळ झाला. इंग्लंडातील जुन्या मोटारींचे जाणकार १९१९ ते १९३० या काळात घडलेल्या गाड्यांनाच हे विशेषण लावतात. आपल्याकडे २०२१ साली केंद्र शासनाने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून निराळी व्याख्या केली. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, व्यापारी वापरातली नसावी, मूळ रूपात राखलेली असावी आणि तिच्यात मोठे फेरफार झालेले नसावेत. अशा गाडीच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात.

यातील 'मूळ रूप' हे दोन शब्द वाचून साहित्याच्या विद्यार्थ्याचे कान टवकारावेत. मूळ रूप म्हणजे काय, ते कोणी पाहिले, आणि मधल्या हातांनी त्यात जे घातले त्याचे काय करावे, या प्रश्नांवर आपल्या शास्त्रात आयुष्ये खर्ची पडली आहेत. हेच प्रश्न पूर्णगडच्या एका मांगरात, मोटारीच्या डॅशबोर्डखाली डोके घालून आम्हांला नव्याने सोडवावे लागले. त्याची ही हकीकत.

गाडी आमच्या चुलत्यांची. १९५०च्या दशकातील फियाट ११००. हे रूप १९५३ साली इटलीत जन्मले आणि वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने त्याच दशकात ते कुर्ल्याच्या कारखान्यात आणले. तिच्या गुबगुबीत घाटावरून लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हणायला सुरुवात केली आणि तिचे मराठीकरण पुरे झाले. तिच्याच कुळातील पद्मिनी पुढे मुंबईची टॅक्सी झाली. त्यांतील शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. चुलते डॉक्टर होते. मुचकुंदीच्या मुखाशी, किल्ल्याच्या टेकडीखाली त्यांचा दवाखाना होता. पूल नव्हता तेव्हा गाडी अलीकडच्या काठाला उभी करून ते होडीने गावखडीच्या बाजूला जात. त्यांच्यामागे गाडी मांगरात राहिली. अधूनमधून आम्ही ती पावसपर्यंत फिरवून आणत असू.

तिची दुखणी हळूहळू वाढली होती. ब्रेक दाबला की साइडलाइट मिणमिणत. हॉर्न वाजवला की वायपर एकदा उडी मारून थांबे. हेडलाइटचा उजेड रस्त्यापेक्षा बॉनेटवरच अधिक पडे. एका संध्याकाळी जळक्या रबराचा वास आला आणि प्रश्न हौसेचा राहिला नाही. त्या काळच्या फियाटमध्ये फ्यूज मोजके. डायनमोकडून बॅटरीकडे आणि तिथून इग्निशनकडे जाणाऱ्या मुख्य वायरी फ्यूजवाचूनच धावतात. तिथे शॉर्ट झाला तर मध्ये अडवणारे कोणी नाही. बॅटरी आपली सारी ताकद त्या एका वायरीत ओतते आणि मांगर लाकडी आहे.

घरात दोन पक्ष पडले. थोरल्या बंधूंचे मत, सगळे ओरबाडून काढा, तयार वायरिंग सेट आणून बसवा. काकूंचे मत, गाडीला हात लावायचा नाही. ज्या घरात ती जाईल त्या घरचे लोक काय करायचे ते करतील. पहिल्या मताला इतिहासाचे ओझे नको होते, दुसऱ्याला आगीचे भय नव्हते. संपादनाच्या क्षेत्रातही हेच दोन पक्ष नेहमी भेटतात. एक म्हणतो, नवी सुबोध आवृत्ती काढा. दुसरा म्हणतो, पोथीला वाळवी लागली तरी चालेल, पण कानामात्रा बदलू नका.

आम्ही खाडीतल्या लाँचींच्या वायरिंगचे काम करणाऱ्या एका मिस्त्रींना बोलावले. त्यांच्याजवळ दोन वायरींचा टेस्ट लॅम्प आणि एक मल्टिमीटर, एवढीच सामग्री. बॅटरीवर बारा व्होल्ट होते; पेटलेल्या हेडलाइटच्या टोकाशी साडेनऊ. मधले अडीच व्होल्ट वाटेतल्या सांध्यांनी गिळले होते. तारेच्या दिव्याचा उजेड दाबाच्या प्रमाणात नव्हे, त्याहून फार वेगाने घटतो. दाब एक दशांशाने उतरला तर उजेड जवळपास एक तृतीयांशाने जातो. म्हणजे आमचे दिवे अर्ध्याहूनही कमी जळत होते. उरलेली शक्ती सांध्यांत उष्णता होऊन बसत होती. पंचेचाळीस वॅटच्या दिव्यातून पावणेचार अँपिअर प्रवाह जातो. त्याच्या वाटेत अर्ध्या ओहमचा गंजका सांधा असला, तर नखाएवढ्या जागेत सात वॅट उष्णता साठते. जळका वास तिथला.

वायरीचा तुकडा सोलला तेव्हा मिस्त्री म्हणाले, "मास्तर, ह्या तारेत आता जीव नाय." वरचे सुती विणकाम ठीक होते, आतले रबर बिस्किटासारखे तुटत होते. तांबे काळे पडले होते, कुठे हिरवे. चार बोटे मागे कापले, आणखी चार कापले, तरी काळेच. खारी ओल तांब्याच्या बारीक तारांच्या फटींतून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तशी आत चढत जाते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि बाराही महिने समुद्राचा वारा. तुरीनच्या आराखड्यात हे हवामान धरलेले नव्हते.

मग आम्ही एक शिस्त ठरवली. काही तोडायचे नाही. प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधायची, वहीत ते टोक कुठून कुठे जाते हे लिहायचे, मगच सोडवायचे. असे तीन दिवस चालले. हळूहळू ध्यानात आले की हा एकाच हाताचा मजकूर नाही. कारखान्याच्या सुती वायरीच्या जोडीला पुढच्या कुठल्याशा दशकातील प्लॅस्टिकची वायर होती. एके ठिकाणी घरातल्या बल्बला असते ती पिळाची वायर होती. आणि स्टिअरिंगच्या दांड्यामागे एका सांध्यावर टेपऐवजी दवाखान्यातली चिकटपट्टी गुंडाळलेली होती, पिवळी पडून दगडासारखी झालेली. काकूंनी ती हातात घेतली आणि बराच वेळ परत दिली नाही. रात्री कुठल्याशा घाटीत गाडी बंद पडली असेल आणि पिशवीत जे होते त्याने डॉक्टरांनी तिची जखम बांधली असेल.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली सुरू झाले. १९२५पासून विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याला पद्धत दिली आणि १९६६ साली ते पुरे झाले. त्या पद्धतीची एक गोष्ट आम्हांला नेहमी थोर वाटत आली आहे. जे मूळचे नाही असे ठरले ते संहितेतून काढले, पण फेकले नाही; तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवले. व्यासांचा लेखनिक झालेला गणपतीसुद्धा आदिपर्वाच्या परिशिष्टात गेला. तिथे तो कोणालाही सापडतो. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, त्यांच्याकडून अशा टिपांची अपेक्षा करणे कालविपर्यास ठरेल. पण नाथपूर्व पाठाचा शोध घेणाऱ्या राजवाड्यांना जी वणवण करावी लागली, तिचे एक कारण हेच की काढलेले कुठे नोंदलेले नव्हते.

चिकटपट्टीचा सांधा जाणार हे उघडच होते. तो परिशिष्टात गेला. पेच पडला तो दुसऱ्या दोन प्रक्षेपांपाशी.

एक हिरवी वायर मागच्या दिव्यापासून निघून थेट बॅटरीच्या ऋण टोकाला आली होती. नकाशात ती नाही, आणि नकाशाप्रमाणे तिची गरजही नाही. मोटारीत वीज वायरीने दिव्यापर्यंत जाते आणि गाडीच्या लोखंडी अंगातून परतते. परतीची वेगळी वायर नसते. पाठचिकित्सेत एक इशारा आहे: विचित्र वाटणारा पाठ सरळ करण्याआधी तो तसा का झाला हे शोधा. मिस्त्रींनी तो ग्रंथ न वाचता सांगितला. "समुद्राकाठी बॉडीच्या भरवशावर ऱ्हायलात तर दिवे लागायचे नाय. गंज धरला की अर्थ तुटते." ब्रेक दाबल्यावर साइडलाइट का मिणमिणत, त्याचेही उत्तर यातच होते. त्या हिरव्या वायरीचा लग गंजून सुटला होता. परतीची वाट बंद झालेला प्रवाह शेजारच्या दिव्यातून वाट काढत होता. म्हणजे कोणा अनामिक कारागिराने हा प्रक्षेप अज्ञानाने नव्हे, जाणून घातला होता. महाभारताचा जसा उत्तरेचा पाठ आहे आणि दक्षिणेचा पाठ आहे, तसा हा फियाटचा कोकणी पाठ होता. या किनाऱ्यावर तोच चालतो. आम्ही तो ठेवला. इतकेच नव्हे, पुढच्या दिव्यांनाही परतीची वायर दिली.

दुसरा प्रक्षेप काकूंचा लाडका. रात्री रस्त्यातच औषधे निवडता यावीत म्हणून डॉक्टरांनी डाव्या बाजूला एक छोटा दिवा आणि त्याचे पितळी बटन बसवून घेतले होते. गाडीतली ती सर्वांत डॉक्टरांची अशी वस्तू. आणि सर्वांत धोक्याचीही तीच निघाली. तिची वायर फ्यूज नसलेल्या मुख्य वायरीवरून घेतली होती आणि पत्र्याच्या धारेवर घासून उघडी पडली होती. इथे पाठचिकित्सेची उपमा थांबते, हे आम्हांला मान्य केले पाहिजे. पोथीतला संशयित पाठ चौकटी कंसात घालून संपादक निश्चिंत होऊ शकतो. त्याने कुणाचे घर पेटत नाही. वायरीला चौकटी कंस नसतो. ती जोडलेली असते किंवा नसते.

काकू दाराशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "दिवा तेवढा राहू दे रे. बाकीच्या तारा तू बघून घे." गाडीला हात लावू द्यायचा नाही, या भूमिकेपासून त्या एवढ्या अंतरावर आल्या, हे आम्हांला नव्या वायरिंगपेक्षा मोठे वाटले. दिवा राहिला, बटन राहिले. त्यांच्यामागे नवी वायर आली आणि वाटेत एक फ्यूज.

नवी वायर मिस्त्रींच्या सल्ल्याने लाँचीत वापरतात ती घेतली. तांब्यावर कलई केलेली, खाऱ्या हवेला टिकणारी. रंग जुनेच ठेवले, मार्ग जुनेच ठेवले. जुना जुडगा पडवीत फळीवर पसरून, खिळे ठोकून त्याचा साचा केला आणि त्यावर नवा बांधला. टोकांना डाग देण्याऐवजी लग दाबून बसवले, कारण डाग दिलेली तार कडक होते आणि खडखडाटात तिथेच तुटते. या गाडीत आता कारखान्याची एक हातही वायर नाही. मग ती मूळ रूपात आहे का? आमच्या मते आहे. वायरिंगचे मूळ रूप तांब्यात नसते. कोणते टोक कोणत्या टोकाला जोडले आहे, या संबंधात असते. पोथी भूर्जपत्रावरून कागदावर आली म्हणून ग्रंथ बदलत नाही. शासनाचा निरीक्षक हे मान्य करील की नाही, ते तो येईल तेव्हा पाहू.

जेथे आम्ही मुळाला सोडून गेलो, त्या सात जागांवर पांढऱ्या स्लीव्हचा तुकडा घातला आहे. प्रक्षेप करणे हा गुन्हा नव्हे. या किनाऱ्यावर तर तो अटळ आहे. खूण न ठेवता करणे हा गुन्हा. जुना जुडगा, चिकटपट्टीसकट, डॉक्टरांच्या औषधांच्या पेटीत ठेवला आहे आणि वही गाडीच्या कप्प्यात आहे. चाळीस वर्षांनी कोणी हा डॅशबोर्ड उघडेल, तेव्हा आमचा हात कुठला आणि डॉक्टरांचा कुठला हे त्याला वेगळे दिसावे. आमचे चुकलेले वाटले, तर त्याने ते खुशाल काढावे. मात्र वहीत लिहून.