सोपाऱ्याहून भुईगावला : एका दिवसाची यात्रा

विरार-नालासोपाऱ्याकडच्या माणसाला सहल म्हटले की लोणावळा नाही तर अर्नाळ्याचे रिसॉर्ट आठवते. आमच्या वसाहतीतल्या तरुणांचे म्हणणेही तेच होते. महिला मंडळाने मात्र हट्ट धरला की मुलांना आधी आपला तालुका दाखवा. अखेर डिसेंबरातल्या एका रविवारी माणशी अडीचशे रुपये वर्गणी काढून आम्ही बत्तीस जण भाड्याच्या बसने निघालो. बसभाडे व चहापाणी जाऊन चाळीस रुपये शिल्लक राहिले, हेही नोंदवून ठेवतो. भाकरी-चटणी घरची होती.

पहिला थांबा सोपाऱ्याचा स्तूप. बुद्ध पौर्णिमेला येथे आपण सारे येतो, वंदना घेतो आणि गर्दीतून वाट काढीत परततो. त्या दिवशी गर्दी नव्हती, म्हणून निवांत बसता आले. या टेकाडाला गावचे लोक बुरूड राजाचा कोट म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणले, तेव्हा आत दगडी पेटी निघाली. पेटीत तांब्याचा करंडक, त्याच्याभोवती आठ लहान बुद्धमूर्ती आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे. करंडकात करंडक अशी रचना होती आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याच्या बारीक खापऱ्या होत्या. त्या भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राच्या असाव्यात असे पंडितजींचे मत होते. मुलांना सोन्यापेक्षा खापऱ्यांचेच नवल जास्त वाटले.

सोपारा हे नाव पाली वाङ्मयात जागोजागी भेटते. सुप्पारक ते हेच. गलबत फुटून जीव वाचलेला बाहिय येथेच किनाऱ्याला लागला आणि पुढे बुद्धांना भेटायला थेट श्रावस्तीपर्यंत गेला. पुण्ण भिक्खू सुनापरान्तात, म्हणजे परंपरेप्रमाणे याच भागात, धम्म सांगायला निघाला. तिकडची माणसे तापट आहेत, शिव्या देतील, मारतील, असे बुद्धांनी विचारले, तेव्हा प्रत्येक वेळी त्याचे उत्तर एकच होते : याहून वाईट वागले नाहीत, ही त्यांची भलाईच. आमच्यातल्या एका तरुणाने हळूच विचारले, “सकाळच्या विरार लोकलमध्ये पुण्णाने काय केले असते?” सारे हसले, पण प्रश्न काही वाईट नव्हता.

कार्ल्याच्या लेण्यातल्या एका खांबावर दात्याचे नाव कोरले आहे. तो सोपाऱ्याचा भाणक होता, म्हणजे सुत्ते तोंडपाठ म्हणणारा. छापखाना नव्हता तेव्हा अशी माणसे हेच ग्रंथालय असे.

याच सोपाऱ्यात, भातेला तळ्याजवळ, १८८२ सालीच सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तुकडा अपुरा आहे, पण पूर्ण मजकूर गिरनारसारख्या ठिकाणांहून माहीत आहे. आणि हा लेख आहे तरी कशावर? सहलींवर! पूर्वीचे राजे शिकारीच्या आणि मौजेच्या यात्रा काढीत. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. त्यात काय करायचे तेही सांगितले आहे : श्रमण-ब्राह्मणांची भेट आणि दान, वृद्धांची भेट आणि धनदान, खेड्यापाड्यांतल्या लोकांची भेट, त्यांच्याशी धम्माची चर्चा. म्हणजे स्थळ पाहून फोटो काढला की यात्रा झाली असे नव्हे. तिथली माणसे भेटली पाहिजेत.

बस गासवरून निर्मळकडे निघाली, तेव्हा हे सर्वांच्या ध्यानात होते. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, फुलांच्या वाड्या, मधूनच चर्चचे शिखर. याच हिरव्या पट्ट्यासाठी झगडलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो इथल्या नंदाखालचे. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते संपादक होते आणि २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ साली ते गेले. एका वाडीपाशी बस थांबवून आम्ही पाणी मागितले. वाडीतल्या आजीबाईंनी पाणी दिले, वर बत्तीस जणांना पुरतील एवढी केळी दिली, पैसे घेतले नाहीत. विहिरीचे पाणी पूर्वी गोड होते, आता मचूळ झाले, हे त्यांचे दुःख. पाणी टँकरने शहराकडे गेले, असे त्या म्हणाल्या. शहराकडचे म्हणजे आम्हीच! त्यावर आमच्यापैकी कोणी काही बोलले नाही.

दुपारची जेवणे भुईगावच्या किनाऱ्यावर, सुरूच्या सावलीत झाली. मुले लाटांवरून हलेनात. अशोकाची मौजेच्या यात्रेला हरकत असेल, पण समुद्राला नसावी. या भुईगावातच १९५६ साली नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्याच वर्षी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. या लेखात अशोक म्हणतो की आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना मंगलविधी करतात. बायका तर फार करतात आणि त्यातले पुष्कळ निरर्थक असतात. दास-नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा मान राखणे, प्राण्यांशी संयमाने वागणे, हे खरे मंगल.

यावर बायका खवळल्या. “राजाला बायकांचेच विधी दिसले होय? हळदीला डीजे कोण लावतो? कर्ज कोण काढतो?” असे एका आयुष्मतीने विचारले. मग तासभर आपल्या लग्नांवरच बोलणे झाले. मंगल परिणय साधा, पण आदल्या रात्रीचा खर्च लाखाच्या घरात, हे कोणालाच नाकारता येईना. तिथेच दोन घरांनी येत्या मेमधल्या लग्नांत डीजे लावायचा नाही असे ठरवले. एका घरचा नवरदेव मात्र अजून राजी नाही.

वसईचा किल्ला संध्याकाळी घाईने पाहिला. १७३९ साली चिमाजी अप्पांनी तो पोर्तुगीजांकडून जिंकला, हे मुलांना शाळेत शिकवलेले असते, त्यामुळे सांगायचे काम पडले नाही.

दोन्ही शिलालेखांचे तुकडे मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात आहेत आणि सोपाऱ्याचे करंडक एशियाटिक सोसायटीकडे. आमच्यापैकी अनेकांनी चर्चगेटला वीस-वीस वर्षे नोकऱ्या केल्या, पण हे दगड पाहिलेला एकही निघाला नाही. फेब्रुवारीत एका रविवारी ते पाहायला जायचे ठरले आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी विहारातल्या वहीत नाव लिहावे. वर्गणी लोकलच्या तिकिटापुरतीच. मागचे चाळीस रुपये चहाला धरले आहेत.