आंबोणातलं धान्य

गाईच्या खुराकात धान्य घालतात ते मुख्यतः पिष्टासाठी. दिवसाला दहा-बारा लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईला नुसत्या कडब्यातून तेवढी ऊर्जा मिळत नाही. ती तूट धान्य भरून काढते. पण धान्य आधी जाते कोठीपोटातल्या जिवाणूंकडे. ते त्याला आंबवतात, आणि हे आंबणे किती वेगाने होते यावर गाईची तब्येत आणि दूध बरेचसे अवलंबून असते.

गहू फार लवकर आंबतो. मका आणि ज्वारी सावकाश, कारण त्यांच्या पिष्टाचे कण प्रथिनांत घट्ट रुतलेले असतात. मक्याचे काही पिष्ट तर न आंबता पुढे आतड्यात जाते आणि तिथे पचते. सिल्लोड, कन्नड, फुलंब्री भागात मका घरचाच असतो; तिथल्या गोठ्यांनी आंबोणाचा पाया मक्याच्या भरड्यावर रचावा हे सर्वांत शहाणपणाचे. बाजरीत स्निग्धांश सुमारे 5 टक्के, म्हणून व्यायलेल्या गाईला ती गूळ घालून शिजवून देतात. रीत चांगली आहे, प्रमाण बेताचे हवे.

कोठीपोटाचा सामू साधारण 6 ते 7 असतो. पिष्ट एकदम जास्त गेले की आम्ल साचते आणि सामू 5.5 च्या खाली उतरतो. गाय रवंथ थांबवते, शेण पातळ आणि फेसाळ होते, त्याला आंबट वास येतो. पोळ्याला प्रेमाने चारलेल्या पुरणपोळ्या किंवा लग्नातला उरलेला भात यांनी धडधाकट जनावर दगावू शकते. पुंडलिकनगरसारख्या शहरी वस्तीत गाईपुढे टाकलेल्या शिळ्या पोळ्यांचा ढीगही तेच करतो. शिजलेले पिष्ट कच्च्यापेक्षा लवकर आंबते. एखादी पोळी चालते, पातेलेभर नाही.

थोडी थोडी आम्लता रोज राहिली तर दुखणे चटकन दिसत नाही. आधी फॅट उतरते, पुढे खुरे दुखून गाय लंगडते. चाऱ्यातल्या तंतूंपासून होणारे ॲसेटिक आम्ल दुधातल्या फॅटच्या कामी येते. धान्यापासून वाढणारे प्रोपिऑनिक आम्ल साखरेच्या वाटेने दुधाचे माप वाढवते. गाईच्या दुधाचा भाव 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून ठरतो, त्यामुळे वैरण तोडून धान्य वाढवणाऱ्याचे लिटर वाढले तरी भाव घसरू शकतो. फॅट कमी लागले की आधी गव्हाण बघावी.

साधारण अडीच लिटर दुधामागे एक किलो खुराक, तो दोन-तीन वेळांत विभागून, आधी वैरण टाकून. खुराक म्हणजे नुसते धान्य नव्हे. प्रथिनांसाठी सरकी ढेप किंवा तुरीची चुनी, शिवाय कोंडा, मीठ आणि खनिज मिश्रण हवेच. धान्य बदलायचे तर दहा-बारा दिवसांत हळूहळू, म्हणजे जिवाणूंना जुळवून घेता येते. दळण रव्यापेक्षा जाडसर ठेवावे. शेणात मक्याचे अख्खे दाणे दिसले तर भरडा फारच जाड; पीठ केले तर मका सावकाश आंबण्याचा फायदाच गेला.

परतीच्या पावसात भिजलेला मका मात्र वेगळीच काळजी मागतो. त्यावरच्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन गाईच्या यकृतातून रूप बदलून दुधात उतरते, आणि दूध उकळल्याने ते जात नाही. भारतात दुधासाठी त्याची मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम आहे. काळे-हिरवे पडलेले दाणे उन्हात वाळवले तरी विष राहतेच, म्हणून ते गाईला घालू नयेत. चांगला मका कडक वाळवून, पोती जमिनीवर न टेकवता फळ्यांवर ठेवावीत.