पहिला आटा

प्रत्येक सुशिक्षित गृहस्थाला आयुष्यांत एकदां तरी असा भ्रम होतो, कीं यंत्राचें ज्ञान आपल्याला उपजतच आहे. आम्हांला तो झाला बेल्ह्यास, एका रविवारीं दुपारीं. आणि त्याची किंमत दुसऱ्याच दिवशीं भर बाजारांत मोजावी लागली. ती आम्ही एकट्यानेंच मोजली असती, तर हा लेख लिहिण्याचें कारण पडलें नसतें.

आमच्या घरीं एक जुनी चेतक स्कूटर आहे. पुण्याजवळ आकुर्डीस ही गाडी १९७२ सालीं तयार होऊं लागली, आणि पुढें बरींच वर्षें ती मिळविण्यासाठीं नांव नोंदवून वाट पाहात बसावें लागे. आमच्या वडिलांनीं तशी वाट पाहिली होती. त्यामुळें घरांत तिचा मान मोठा. त्या जातीच्या गाड्या निघणें २००९ च्या सुमारास थांबलें. २०२० सालीं त्याच नांवाची, विजेवर चालणारी गाडी बाजारांत आली. तिला प्लगच नाहीं. हें अण्णांना सांगितलें तेव्हां ते म्हणाले, "मग ती बंद पडली म्हणजे माणसानं काढून पाहायचं तरी काय?"

शाळेंतून निवृत्त झालेले अण्णा आतां स्वतः गाडी चालवीत नाहींत. परंतु दर सोमवारीं आमच्यामागें बसून बाजारास येतात. बेल्ह्याचा सोमवारचा बैलबाजार सर्वांच्या परिचयाचा आहे. अण्णांना बैल घ्यावयाचा नसतो. त्यांना फक्त बैल पाहावयाचे असतात.

त्या रविवारीं आळेफाट्याहून येतांना गाडी अडखळूं लागली. घरीं पोंचतांच आम्हीं उजव्या बाजूचें झांकण काढून प्लग बाहेर काढला. निरोगी प्लगाचें टोक तांबूस तपकिरी असतें. हा काजळीनें काळा झाला होता. प्लगाच्या दोन टोंकांमध्यें अर्ध्या मिलिमीटरहून किंचित् अधिक फट असते, आणि ती उडी घेतांना वीज ठिणगी होते. काजळी सांचली कीं विजेला आयती पायवाट मिळते. मग ती उडी कशाला घेईल?

नवा प्लग घेतांना आम्हीं दुकानदारापुढें विद्वत्ताही दाखविली. हर्ट्झनें १८८७ च्या सुमारास रेडिओलहरी निर्माण केल्या त्या अशाच ठिणग्यांतून. प्रत्येक प्लग हा थोडासा रेडिओच असतो, व त्याचा गोंगाट दाबण्यासाठीं पुष्कळ प्लगांत आंतून एक रोध घालतात. त्यांच्या क्रमांकांत बहुधा 'आर' हें अक्षर असतें. आमच्याच तालुक्यांत खोडदच्या परिसरांत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशांतले अतिक्षीण रेडिओसंकेत ऐकत उभ्या आहेत. तेव्हां शेजारधर्म म्हणून आम्हीं 'आर' अक्षराचाच प्लग मागितला. एवढें ज्ञान पाजळल्यावर पान्हा फिरविण्याचें काम आम्हांला अगदींच किरकोळ वाटलें.

एंजिन अजून तापलेलें होतें. त्याचें हेड ॲल्युमिनियमचें, प्लगाचें अंग पोलादाचें. तापल्या हेडांतून प्लग ओढून काढल्यास मऊ धातूचे आटे खरवडतात. म्हणून एंजिन थंड होईपर्यंत थांबावयाचें असतें. आम्ही थांबलों नाहीं. नवा प्लग पान्ह्यांतच बसवून तसाच भोंकांत घातला. पहिल्याच फेऱ्याला जोर लागला. 'घट्ट बसतो आहे,' असें मनाशीं म्हणून आम्हीं आणखी जोर केला. दोन-तीन फेऱ्यांनंतर पान्हा एकाएकीं मोकळा फिरूं लागला. काढून पाहतों, तों प्लगाच्या आट्यांत चंदेरी कीस अडकलेला! आटे गेले होते.

आम्हीं काय करावें? तांब्याच्या तारेचा एक बारीक धागा प्लगाला गुंडाळून तो पुन्हां आंत बसविला. गाडी सुरू झाली. ओसरीवरून अण्णांनीं विचारलें, "नीट बसला ना?"

"बसला," आम्ही म्हणालों.

सोमवारीं बाजाराच्या तोंडाशीं बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला, आणि प्लग भोंकांतून उडाला. शेजारींच बांधावयास आणलेला एक खिलार बैल बुजला. त्याचें दावें दहा-बारा वर्षांच्या एका पोराच्या हातीं होतें. तें सोडून द्यावें हें त्याला सुचलें नाहीं. पोर चार-पांच हात फरफटत गेलें. गुडघा आणि तळहात सोलले, एवढ्यावरच निभावलें. आमच्या तोंडून शब्द फुटण्यापूर्वींच अण्णा गाडीवरून उतरले होते. पोराच्या बापासमोर हात जोडून ते म्हणाले, "चूक आमची आहे." कोणती चूक, हें त्यांना तेव्हां ठाऊकही नव्हतें.

गाडी ढकलीत आम्ही घरीं आलों. दारांत अण्णांनीं विचारलें, "पहिले आटे बोटांनीं घातले होतेस?"

"नाहीं."

"आणि गेलेले काल कळलं होतं?"

"होय."

पुढें ते बोलले नाहींत.

दुरुस्तीचें सामान आणून आम्हीं तें काम घरींच केलें; अण्णा खुर्ची टाकून समोर बसले. कीस सिलिंडरांत पडूं नये म्हणून आधीं चार नट सोडून हेडच उतरविलें. या कामाच्या टॅपचें टोंक जुन्या भोंकाचा माग धरून आंत जातें, आणि मागचा भाग जरा मोठे, नवे आटे पाडतो. टॅपला ग्रीस लावावयाचें, अर्धा फेर पुढें न्यावयाचा, पाव फेर मागें घ्यावयाचा. म्हणजे कीस तुटतो व ग्रीसला चिकटतो. नव्या आट्यांत न गंजणाऱ्या पोलादी तारेचें वेटोळें बसवितात. तें भोंकाहून किंचित् रुंद असल्यामुळें स्वतःच्याच ताणानें घट्ट राहतें, आणि त्याच्या आंतल्या अंगाला प्लगाच्या मूळ मापाचे आटे पुन्हां मिळतात. ते ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षां टिकाऊ असतात. हें आम्हीं अण्णांना मुद्दाम सांगितलें.

"गाडीचं झालं," ते म्हणाले.

हेड चढविल्यावर प्लग त्यांनीं स्वतःच हातीं घेतला. त्याच्या मागच्या टोंकाला पेट्रोलच्या नळीचा तुकडा खोंचला. प्लग वांकडा लागला तर नळी नुसतीच घसरते, आटे बिघडत नाहींत. आधीं उलटा फेर देऊन आट्याचें तोंड चाचपलें, मग सुलट फिरवूं लागले. त्यांचीं बोटें हल्लीं कांपतात. पण आम्हीं हात पुढें केला नाहीं. दहा फेरे त्यांनीं मोजले. नंतर आमच्या हातीं पान्हा देऊन म्हणाले, "आतां अर्धा. वायसर दबेल तेवढाच."

पुढच्या सोमवारीं बाजाराच्या बऱ्याच अलीकडे एंजिन बंद करून आम्हीं गाडी हातानें नेली. तें पोर त्याच जागीं उभें होतें. अण्णांनीं त्याच्या गुडघ्याची चौकशी केली. बरा आहे म्हणाला. तेवढ्यांत त्याची दृष्टि आमच्या गाडीकडे गेली, आणि त्यानें दावें दोन्ही हातांनीं घट्ट धरलें.