हंसाने न सांगितलेले

न पाहिलेल्या व्यक्तीवर अनुरक्त होण्याची सोय आपल्या साहित्यशास्त्राने फार पूर्वीच करून ठेवली आहे. पूर्वराग दर्शनाने उपजतो तसा श्रवणानेही उपजतो, असे विश्वनाथ 'साहित्यदर्पणा'त सांगतो. आणि त्याचे चटकन आठवणारे उदाहरण म्हणजे दमयंती. रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळे तिच्यापाशी नलाचे गुण गाणारा हंस मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचा आहे. आम्ही उभयतां मराठीचे प्राध्यापक. वर्गात हे प्रकरण अनेकदा शिकवले. परंतु हंस हा एक मध्यस्थ आहे आणि मध्यस्थाचे वर्णन कसे वाचावे हा रोकड्या व्यवहाराचाही प्रश्न आहे, हे प्रकर्षाने जाणवले ते एक जुनी मोटार न पाहता विकत घेण्याचा प्रसंग आला तेव्हा.

मोटार म्हणजे १९६५ सालची, दोन दारांची स्टँडर्ड हेरल्ड. ब्रिटनमध्ये १९५९ साली आलेली ट्रायम्फ हेरल्ड मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून भारतात बांधायला घेतली. तिचे रूप इटालियन आरेखनकार जोव्हान्नी मिकेलोत्ती यांचे. हिचाच सांगाडा आखूड करून ट्रायम्फने १९६२ साली स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार काढली. स्पिटफायर आमच्या आवाक्याबाहेरची. तिची ही थोरली बहीण मात्र कोईमतूरला विकाऊ होती. आम्ही सांगलीला. मध्ये हजारएक किलोमीटर, ऐन परीक्षांचा हंगाम आणि हाताशी सातव्या वेतन आयोगाची थकबाकी, जी एकदाच मिळते.

विकणाऱ्या गृहस्थांचे पहिले वर्णन हंसाच्याच वळणाचे होते. एकाच घरात वाढलेली, जिवापाड जपलेली, उत्तम स्थितीतली. छायाचित्रेही तशीच, तिरप्या उन्हात काढलेली. हेरल्डच्या बाबतीत त्यांचा फारसा उपयोग नसतो. हिचा सांगाडा वेगळा आणि त्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी वेगळी. बॉडीच्या कडा तोलून धरणारे जे लोखंडी हात सांगाड्यातून दोन्ही बाजूंना निघालेले असतात, त्यांना गंज चढतो, आणि तो खाली वाकल्याशिवाय दिसत नाही. म्हणून आम्ही गाडी उचलून खालून काढलेली छायाचित्रे मागितली. इंजिन रात्रभर थंड राहिल्यावर सकाळी सुरू करतानाचे चित्रण मागितले, कारण निळसर धूर निघाला तर इंजिन ऑइल जाळते असे समजावे. आर.सी. बुकातला चॅसी नंबर ताडून पाहण्यासाठी पेन्सिलीने कागदावर उठवलेला त्याचा छाप मागितला. नोंदणी चालू आहे ना आणि तिथल्या आर.टी.ओ.चे ना हरकत प्रमाणपत्र मिळेल ना, हेही विचारले. पन्नास वर्षांवरील गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार 'व्हीए' मालिकेतला क्रमांक घेता येतो, पण मग ती रोजच्या वापरात आणता येत नाही. आम्हांला तर ती कॉलेजला न्यायची होती.

हे सारे आले, आणि तरीही मन घट्ट होईना. तेव्हा महाभारतातले नलोपाख्यान पुन्हा काढले. वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नलाची ओळख करून देतात, ती स्तुतीच आहे. पण त्या स्तुतीतच नल द्यूतप्रिय असल्याचे ते सांगून टाकतात. हंस दमयंतीपाशी नलाच्या रूपाची वाखाणणी करतो, फाशांचा उल्लेख करीत नाही. जी माहिती श्रोत्याला आरंभीच मिळते, ती वधूला मिळत नाही. आणि पुढचे सारे वनवास त्या फाशांतूनच निघतात. आम्हांला आता हंस पुरेसा नव्हता, बृहदश्व हवा होता. आम्ही त्या गृहस्थांना एकच प्रश्न लिहून पाठवला: गाडी तुमच्याकडेच राहणार असती, तर आधी काय दुरुस्त करून घेतले असते?

उत्तराला दोन दिवस लागले. डाव्या बाजूचे दोन हात आतून कुजले आहेत, वरच्या रंगाला भुलू नये. गाडी थंड असताना दुसरा गिअर कुरकुरतो. आणि एप्रिल-मेच्या भर दुपारी तासभर चालवली, की नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊन ती बंद पडते. पंपावर ओला फडका ठेवून वीस मिनिटे थांबावे. पुढे एक वाक्य होते. त्यासाठीचे पाणी आणि फडका पत्नीच आठवणीने गाडीत ठेवीत असे. ती गेल्यापासून गाडी गावाबाहेर गेलेली नाही.

यावर आमच्यांत मतभेद झाला. एकाचे म्हणणे, कबुलीजबाब हीसुद्धा एक निवेदनतंत्राची चाल असते. दोन लहान दोष सांगावेत आणि मोठा झाकावा. आधुनिक कादंबरी शिकवणाऱ्याला असा संशय शोभतो. दुसरीचे म्हणणे, संशयाला पुरावा हवा. शेवटी तिथल्याच एका मेकॅनिकला मोबदला देऊन गाडी तपासायला लावली. गंज आणि गिअर दोन्ही त्याच्या अहवालात आले. चौथा दोष आला नाही. पेट्रोलच्या वाफेबद्दल मात्र त्यात अवाक्षर नव्हते. सकाळच्या गारव्यात अर्धा तास चालवून ते कळणारही नव्हते. जो दोष लपवला असता तर कुणाही परीक्षकाला सापडला नसता, तो त्यांनी आपण होऊन सांगितला होता, आणि आमचा वाद तिथे संपला. वेल्डिंगचा खर्च वजा करून किंमत ठरली. त्यांनी घासाघीस केली नाही, आम्हीही केली नाही.

हेरल्ड ट्रकवरून आली. रंग छायाचित्रांतल्यापेक्षा फिका निघाला, दुसरा गिअर सांगितल्याप्रमाणेच कुरकुरला. पुढे एप्रिलमधल्या एका दुपारी कोल्हापूरच्या वाटेवर, हातकणंगल्याच्या आसपास, ती शांतपणे बंद पडली. हेरल्डचे बोनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटते. ते उलटले, पंपावर ओला फडका ठेवला आणि बाभळीच्या सावलीत वीस मिनिटे बसून राहिलो. फडका त्यांनी गाडीबरोबरच पाठवला होता.